यकृद्दाल्युदर : यातली 'दाली' कुठली?

प्रश्न : वडिलांच्या सोनोग्राफीत 'माइल्ड हेपॅटोमेगॅली', म्हणजे यकृत किंचित वाढलेलं, असं आलं. आमच्या वैद्यांनी तेच केसपेपरवर 'यकृद्दाल्युदर' असं लिहिलं. यकृत कळलं, उदर कळलं. मधली दाली म्हणजे काय? डाळ तर नव्हे? आणि दोन्ही शब्द एकच का?

उत्तर : डाळीचा अंदाज अगदीच वाया गेलेला नाही. धातू तोच, दल् म्हणजे फुटणे, दुभंगणे. दाणा फुटून दोन दलं झाली की डाळ, आणि आपलं दळणही त्याच घरातलं. यकृताला फोडू पाहणारं ते यकृद्दाली, आणि तसं उदर ते यकृद्दाल्युदर. जोडाक्षरं संधीमुळे आली, घाबरू नका.

मात्र इथे उदर म्हणजे नुसतं पोट नव्हे. पोट फुगवणाऱ्या रोगांचा तो गट आहे, आयुर्वेदात आठ प्रकारांचा. जलोदर त्यातलाच. डाव्या कुशीत पांथरी (प्लीहा, स्प्लीन) वाढली तर प्लीहोदर, उजवीकडे यकृत वाढलं तर यकृद्दाल्युदर, पण याला वेगळा नववा क्रमांक नाही, ते प्लीहोदरातच मोजतात. वाढलेली पांथरी हाताला कशी लागते तर चरक म्हणतो कासवाच्या पाठीसारखी. सोनोग्राफी नव्हती, बोटं होती!

हेपॅटोमेगॅली ग्रीक आहे. हेपार म्हणजे यकृत, मेगास म्हणजे मोठा. गंमत अशी की दोन्ही तुकडे आपल्या नात्यातले. मेगास आणि महत् भावंडं. हेपार आणि यकृत्‌ही. ऐकायला पटत नाही, पण संस्कृत 'यः' ग्रीकमध्ये 'होस' होतो, तसाच इथे य चा ह झाला. लॅटिनमध्ये येकुर, फारसीत जिगर. म्हणजे जिगरबाज माणूस मुळात यकृतबाज. यकृत् चं षष्ठीचं रूप यक्नः, र-त जाऊन न येतो. लॅटिनमध्येही येकुरचं येकिनोरिस होतं. हे यक्नः ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १६३व्या सूक्तात आहे. तिथे आतडी, हृदय, यकृत अशा एकेका अवयवातून रोग उपटून काढायचा मंत्र आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते दोन्ही एक नाहीत. हेपॅटोमेगॅली हे रोगाचं नाव नाही, ते लक्षण आहे : अवयव नेहमीपेक्षा मोठा दिसला, बस. कारण काहीही असू शकतं, चरबी, कावीळ, हृदयाचा त्रास. यकृद्दाल्युदर म्हटलं की रोग आला, फुगलेलं पोट आलं. सोनोग्राफीत एखादा सेंटिमीटर जास्त भरला म्हणून तो शब्द वापरणं जड होतं. मराठीत सरळ 'यकृतवृद्धी' लिहावं.

आणखी एक : संधी करून 'यकृद्वृद्धी' हवं ना? आणि आमच्याकडे 'काळीज वाढलंय' म्हणतात, ते चूक का?

उत्तर : संस्कृतात यकृद्वृद्धी बरोबर. पण मराठीत आपण यकृत पाय न मोडता लिहितो, म्हणून यकृतवृद्धी चालतं. शिवाय यकृद्वृद्धी एका दमात म्हणून बघा.

काळीज चूक नाही, उलट जास्त मुळातलं आहे. संस्कृत कालेय म्हणजे यकृत, त्यापासून काळीज. अमरकोशात कालखण्ड आणि यकृत् समानार्थी दिलेत. रंग काळपट म्हणून हे नाव. पुढे मराठीत काळीज धडधडायला, तुटायला लागलं आणि हृदयाच्या जागी जाऊन बसलं. खाटकाकडे मात्र जुना अर्थ शाबूत आहे. 'दोन तुकडे काळीज टाक' म्हटलं तर तो हृदय देत नाही. पण दवाखान्यात 'काळीज वाढलंय' सांगितलंत तर डॉक्टर आधी छातीला स्टेथोस्कोप लावतील. तिथे लिव्हरच म्हणा.