जेमी वार्डीची खालच्या लीगमधली वर्षे
इंग्लिश फुटबॉलपटू वार्डी २०१५-१६ च्या मोसमात एकाएकी उदयाला आला, हे मत मला पटत नाही. शेफील्ड वेन्सडे या क्लबने किशोरवयातच वगळल्यानंतर तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळत होता आणि त्याच काळात वैद्यकीय स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात कामही करत होता. २०१० मध्ये तो हॅलिफॅक्स क्लबकडे गेला, पुढच्या वर्षी फ्लीटवुडकडे. तिथे इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या स्तरावरच्या एकाच मोसमात ३१ लीग गोल केल्यावर लेस्टर सिटी क्लबने २०१२ मध्ये त्याच्यासाठी १० लाख पौंड मोजले, आणि त्या स्तरावरील खेळाडूसाठी ही तेव्हा विक्रमी रक्कम होती. लेस्टरमधला पहिला मोसम मात्र त्याला फार जड गेला, आणि तेव्हा व्यवस्थापक नायजेल पिअर्सन यांनी त्याच्यावर ठेवलेला विश्वास मला या वाटचालीत सर्वांत मोलाचा वाटतो.