‘ऑपिल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कोरियातल्या जोसॉन घराण्याच्या राजांच्या हस्तलेखनाला ‘ऑपिल’ म्हणतात. ‘शाही सुलेखन’ म्हटलं तर चालेल का?

– ‘सुलेखन’ नको. ‘सु’ आला की अक्षर देखणं असायलाच हवं. ऑपिलमध्ये हात कोणाचा, एवढंच बघतात. ‘ऑ’ म्हणजे राजाचं, ‘पिल’ म्हणजे कुंचला. सॉन्जो राजाच्या (कारकीर्द १५६७-१६०८) दरबारी हान हो हा नामांकित लेखनिक होता. १५८३ साली छापलेला त्याच्या अक्षरातला सहस्राक्षरी कित्ता मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरवला. तरी ते ऑपिल नव्हे. आणि पुढे राजा झालेल्या जॉन्जोने (कारकीर्द १७७६-१८००) लहानपणी मामीला हंगुल या कोरियन लिपीत लिहिलेली पत्रं मात्र ऑपिल! सोलच्या हंगुल संग्रहालयात ती आहेत. एका पत्रात शरदाचा वारा सुटलाय, तुम्ही बऱ्या आहात ना, अशी विचारपूस आहे. खाली ‘वॉन्सन’, म्हणजे राजाचा थोरला नातू, अशी सही. अक्षरं मोठाली, ओळ वाकडी. माझ्या मते त्या संग्रहातली सगळ्यात लोभस पानं हीच. त्यांना सुलेखन कसं म्हणणार?

– मग ‘दस्तुरखुद्द’? आपल्या जुन्या कागदपत्रांत स्वतःच्या हातचा मजकूर याच अर्थाने तो येतो.

– अर्थ चोख बसतो, पण आज ‘दस्तुरखुद्द मंत्रीच आले’ असं म्हणतो आपण. हाताचा संबंध वाचकाच्या मनातून गेलाय. मी ‘राजहस्ताक्षर’ म्हणेन. हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही, मराठीत ती अडचण नाही. शिवाय कोरियन भाषेत ‘ऑजे’ हा वेगळा शब्द आहे : राजाची रचना. राजाने सांगायचं आणि लेखनिकाने उतरवायचं, तर ते ऑजे होईल, ऑपिल नाही. ‘राजलेखन’ म्हटलं की हे दोन्ही एकात मिसळतात, म्हणून तोही टाळावा. जॉन्जोने १७७६ मध्ये उभारलेल्या ग्युजांगगाक या राजग्रंथालयात पूर्वीच्या राजांची ऑजे आणि ऑपिल दोन्ही जपून ठेवत.

– आणि ‘गुंगचे’? राजवाड्यातल्या स्त्रियांनी घडवलेली हंगुलची लेखनशैली. उभी रेघ ठाम, अक्षरं तिच्या आधाराने एकाखाली एक उतरत जातात.

– तिथे ‘वळण’ घ्या. मोडीचं चिटणीसी वळण, बिवलकरी वळण, तसं हे राजवाडी वळण. ‘शाही’ मात्र नको, त्याने ते राजाचं वाटेल आणि ज्या बायकांनी जन्मभर हात घोटला त्यांचं श्रेय जाईल.