‘क्लीव्ह’ : चिरणे की चिकटणे?

कोशात इंग्रजी ‘क्लीव्ह’ (cleave) या क्रियापदाचे अर्थ चिरणे, दुभंगणे आणि घट्ट चिकटून राहणे असे दिले आहेत. एकाच क्रियापदाला असे उलटे अर्थ कसे?

मुळात ही दोन क्रियापदे आहेत. जुन्या इंग्रजीत चिरण्यासाठी ‘क्लेओवन’ होते आणि चिकटण्यासाठी ‘क्लिवियन’. पुढे उच्चार जवळ येत गेले आणि दोन्ही एकाच रूपात मिसळली. जर्मनमध्ये ती अजून वेगळी आहेत: ‘क्लीबन’ म्हणजे फोडणे, ‘क्लेबन’ म्हणजे चिकटणे. पहिल्याचे नाते ग्रीक ‘ग्लीफाइन’शी, म्हणजे कोरण्याशी, हायरोग्लिफ या प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीच्या नावातला ‘ग्लिफ’ तोच. दुसऱ्याच्या गोतात ‘क्ले’ आणि ‘ग्लू’ येतात. माती आणि डिंक, दोन्ही चिकटच!

वाचताना अर्थ ओळखायची खूण सोपी आहे. पुढे ‘टू’ किंवा ‘अन्टू’ असेल तर चिकटणे, थेट कर्म असेल तर चिरणे. भूतकाळाच्या रूपावर मात्र विसंबू नका. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘क्लेव्ह’ हे एकच रूप दोन्हीकडे आहे: अब्राहाम होमासाठी लाकडे फोडतो तिथेही, आणि रूथ सासूला बिलगून राहते तिथेही. ‘बिलगणे’, ‘जडून राहणे’ हे मराठी शब्द दुसऱ्या अर्थाला नेमके बसतात.

चिरण्याच्या अर्थाची ‘क्लोव्हन’ आणि ‘क्लेफ्ट’ ही दोन्ही विशेषणे आज चालतात, पण त्यांची अदलाबदल होत नाही. गाय-शेळीचे खूर ‘क्लोव्हन’, तोंडातली दुभंगलेली टाळू ‘क्लेफ्ट’. मराठीत दोन्हीकडे ‘दुभंगलेले’ चालते, त्यामुळे आपल्याकडून हमखास चूक होते. खनिजशास्त्रातल्या ‘क्लीव्हेज’ला, म्हणजे खनिज ठरावीक पातळ्यांत चिरले जाण्याला, मराठीत ‘पाटन’ म्हणतात. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात ते त्यामुळेच.

मग लसणाची ‘क्लोव्ह’ आणि मसाल्यातली ‘क्लोव्ह’ यांचे मूळ एकच का?

नाही. लसणाची पाकळी या चिरण्याच्या कुळातली, कारण गड्डा पाकळ्यांत विभागलेला असतो. लवंग फ्रेंच ‘क्लू’वरून, म्हणजे खिळ्यावरून आली, आकार पाहिला की पटते. पाककृती भाषांतरित करताना ‘टू क्लोव्ह्ज’ दिसले की पुढे ‘गार्लिक’ आहे का ते आधी पाहावे, नाहीतर दोन पाकळ्यांच्या जागी दोन लवंगा पडतात.

मराठीतला ‘नारळ वाढवणे’ याच जातीचा का?

तो प्रकार वेगळा. तिथे ‘फोडणे’ हा अशुभ शब्द टाळण्यासाठी ‘वाढवणे’ मुद्दाम योजले आहे. बांगडीही तशीच ‘वाढवतात’. ‘क्लीव्ह’मध्ये कुणी काही टाळलेले नाही. दोन शब्दांचे उच्चार एक झाले, इतकेच.