यॉर्कटाउन १७८१: दोनदा फसलेली फ्रेंच मदत तिसऱ्यांदा कशी लागू पडली?

खंदक_सोलापूर

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या मुलांसाठी होम मैदानावर यॉर्कटाउनचा वेढा (अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच-अमेरिकन फौजांनी व्हर्जिनियात इंग्रजांना कोंडलं तो) फक्कीने आखून दाखवायचं ठरतंय. शेजारीच भुईकोट असल्यामुळे तट, खंदक, बुरूज मुलांना सांगावे लागणार नाहीत. अडतंय ते कारणांपाशी.

फ्रान्स आणि अमेरिकन वसाहतींचा तह ६ फेब्रुवारी १७७८ चा. त्याच वर्षी फ्रेंच आरमार न्यूयॉर्क आणि न्यूपोर्टला काही न करता परतलं, १७७९ मध्ये सव्हानाला मार खाल्ला. मग १७८१ मध्ये काय बदललं? ‘जास्त जहाजं आली’ हे उत्तर मला पुरत नाही. दुसरं, मैदानावर आखायला अंतरं हवीत. आणि तिसरं, मुलं हमखास विचारणार: त्याच काळात पुण्याच्या दरबारी फ्रेंच माणूस येऊन बसला होता, मग आपल्याकडे आरमार का नाही आलं?

दर्यावर्दी

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

१७७८ मध्ये फ्रेंच नौसेनापती देस्तँ फ्रान्समधल्या तूलाँ बंदराहून १२ मोठी लढाऊ जहाजं घेऊन निघाला आणि जुलैत न्यूयॉर्कच्या तोंडाशी पोचला. आत इंग्रजांचं आरमार त्याच्यापेक्षा दुबळं होतं. पण सँडी हूकला बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. देस्तँच्या सर्वांत मोठ्या जहाजांना साधारण २५ फूट पाणी लागे आणि दांड्यावर तेवढी खोली मिळण्याची खात्री नव्हती. मोठं बक्षीस लावूनही एकही वाटाड्या जहाजं आत न्यायला तयार झाला नाही. मग न्यूपोर्टला गेला, तर ऑगस्टच्या वादळात त्याच्या ‘लांगदॉक’ या मुख्य जहाजाच्या डोलकाठ्याच गेल्या. दुरुस्तीसाठी बोस्टन गाठावं लागलं आणि जमिनीवरची अमेरिकन फौज उघडी पडली.

सव्हानाची चूक वेगळी. १६ सप्टेंबर १७७९ ला शरण या म्हणून निरोप धाडला आणि विचार करायला २४ तास दिले. तेवढ्यात ब्युफर्टहून सुमारे ८०० इंग्रज शिपाई दलदलीतून शहरात शिरले. पुढे वादळाचा मोसम आणि जहाजांवर स्कर्व्ही (ताज्या अन्नाअभावी होणारा रोग), म्हणून वेढा पिकू न देता ९ ऑक्टोबरला थेट हल्ला चढवला आणि तो आपटला.

१७८१ मध्ये आलेल्या फ्रेंच आरमाराचा प्रमुख दे ग्रास. त्याने केलेली मोठी गोष्ट म्हणजे आरमाराची वाटणी केली नाही. कॅरिबियनमधला फ्रेंच व्यापारी तांडा त्याने बंदरात थांबवून ठेवला आणि संरक्षणाला जहाजं मागे न ठेवता सगळी २८ मोठी लढाऊ जहाजं उत्तरेला नेली. इंग्रजांनी हे गृहीतच धरलं नव्हतं. त्यांनी हूड या नौसेनाधिकाऱ्याबरोबर १४ पाठवली, इंग्रज नौसेनापती ग्रेव्ह्सची ५ मिळून १९ झाली. ५ सप्टेंबरला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी (यॉर्कटाउन याच उपसागराला मिळणाऱ्या नदीवर आहे) २४ विरुद्ध १९ अशी गाठ पडली (उरलेली ४ फ्रेंच जहाजं आत नद्यांच्या तोंडावर पहाऱ्याला होती).

त्या दिवशी फ्रेंचही अडचणीत होते. सुमारे १,९०० माणसं बोटींसह किनाऱ्यावर अडकलेली, म्हणून नांगराचे दोर कापून ओहोटीबरोबर विस्कळीतच बाहेर पडले. ग्रेव्ह्सने तेव्हाच घाला घालायला हवा होता, पण तो रांग लावत बसला. त्यात ‘रांग धरा’ आणि ‘जवळ भिडा’ हे दोन्ही इशारे एकाच वेळी फडकत राहिले. हूडची तुकडी रांग धरूनच राहिली, लढाईत जवळजवळ आलीच नाही.

एकही जहाज त्या दिवशी बुडालं नाही. पण पुढचे काही दिवस दोन्ही आरमारं समुद्रात वाहत राहिली आणि त्या अवधीत दुसरा फ्रेंच नौसेनापती बारास न्यूपोर्टहून आठ जहाजं घेऊन उपसागरात शिरला. फ्रेंचांकडे ३६ झाली, इंग्रज न्यूयॉर्कला परतले.

तोफखाना

वर बारासचं नाव एका ओळीत गेलं. माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे, कारण वेढ्याच्या जड तोफा त्याच्या जहाजांवर होत्या. फ्रेंच २४ पौंडी तोफ अडीच टनांच्या आसपास. न्यूपोर्टपासून व्हर्जिनियापर्यंत अशा तोफा बैलांनी ओढत न्यायच्या म्हटलं तर हंगाम संपला असता. तोफा पाण्यावरून, फौज जमिनीवरून, हा हिशेब जमिनीवरच्या फ्रेंच फौजेचा सेनापती रोशाम्बोचा.

आता आखणी. पहिला समांतर चर (वेढा घालणाऱ्यांनी तटाला समांतर खणलेला खंदक) ६ ऑक्टोबरच्या रात्री पावसात खणला. सुमारे १,५०० खणणारे, त्यांच्या रक्षणाला २,८००. शत्रूच्या तटबंदीपासून ५५० मीटरच्या आसपास, लांबी अंदाजे १,८०० मीटर. माती रेताड, त्यामुळे काम भराभर झालं. (आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाच्या रात्री हे करून दाखवा म्हणावं.) दुसरा चर ११ तारखेला, २७० मीटरवर. मैदानावर १:२० प्रमाण धरा: पहिला चर २७.५ मीटरवर, दुसरा १३.५ वर, पहिल्याची लांबी ९० मीटर. दोन चरांना जोडणारी वाट सरळ काढू नका, नागमोडी काढा. सरळ असेल तर तटावरची एकच तोफ पूर्ण वाट झोडपते. मुलं हीच चूक करतात.

दुसरा चर नदीपर्यंत नेता येईना, कारण ९ आणि १० क्रमांकाचे मातीचे सुटे बुरूज आड येत होते. १४ तारखेच्या रात्री प्रत्येकी ४०० माणसांनी ते घेतले, ९ फ्रेंचांनी, १० अमेरिकनांनी. फ्रेंच नियमाप्रमाणे बाहेरचा टोकदार फांद्यांचा अडथळा तोडून होईपर्यंत थांबले आणि गोळ्या खात राहिले. अमेरिकन त्यातूनच घुसले. म्हणून फ्रेंचांकडची हानी जास्त.

तोफा ९ तारखेला सुरू झाल्या, आधी फ्रेंचांच्या. १० ला फ्रेंचांनी तापवून लाल केलेले गोळे टाकून नदीतलं ‘कॅरॉन’ हे इंग्रज जहाज पेटवलं. १७ ला यॉर्कटाउनमधला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने बोलणी मागितली, १९ ला ७,००० वर माणसं शरण आली. इंग्रजांचं मदतीचं आरमार न्यूयॉर्कहून निघालं ते त्याच १९ तारखेला.

हिशेबनीस

तोफखाना साहेब, तोफा मान्य, पण रोकड विसरू नका. दे ग्रासने येताना हवानातून पाच लाख पेसो उचलले, शिवाय सँ-सिमोंच्या हाताखाली ३,००० वर शिपाई आणले. इकडे अमेरिकन फौजेला कित्येक महिने पगार नव्हता आणि दक्षिणेला चालायला ती कुरकुरत होती. अमेरिकनांचा अर्थप्रमुख रॉबर्ट मॉरिसने रोशाम्बोच्या खजिन्यातून २०,००० डॉलर नाणी उसनी घेतली आणि वाटेवरच्या हेड ऑफ एल्क गावी महिन्याचा पगार हातावर ठेवला. कागदी नोटा तेव्हा कोणी घेत नव्हतं.

पावाच्या भट्ट्यांचा प्रसंगही मुलांना सांगा. न्यू जर्सीत चॅटमला फ्रेंचांनी भट्ट्या बांधल्या. उद्देश असा की इंग्रजांना वाटावं, फौज इथेच मुक्काम ठोकून न्यूयॉर्कवर चालून येणार. तोवर फौज दक्षिणेला लागलेली.

खंदक_सोलापूर

उत्तम. १:२० पक्कं. वेळापत्रक कोणाच्या हातात होतं, हे कळलं तर पहिला मुद्दा पूर्ण होईल.

दर्यावर्दी

दे ग्रासच्या. चेसापीकला येतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंतच थांबतो, हे त्याचं पत्र १४ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या हाती आलं. वॉशिंग्टनचं मन न्यूयॉर्कवर होतं, ते त्याला सोडावं लागलं. ठिकाण ठरलेलं, मुदत ठरलेली. १७७८ मध्ये हे दोन्ही नव्हतं. पुढे मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवून घेतली, नाहीतर वेढा अर्ध्यावर राहिला असता.

जुनी_बखर

तिसरा प्रश्न. तो फ्रेंच माणूस म्हणजे सेंट ल्युबिन. तो १७७७ मध्ये पुण्याला आला, नाना फडणवीसांनी त्याला ठेवून घेतलं. त्याला पश्चिम किनाऱ्यावर बंदर हवं होतं, चौलचं नाव होतं. पण त्याच्यामागे फौज नव्हती, आरमार नव्हतं. नानांना त्याचा उपयोग झाला तो मुंबईकर इंग्रजांना धास्ती लावण्यापुरता, आणि तो भरपूर झाला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज अडकले ते मराठी फौजेमुळे, फ्रेंचांमुळे नव्हे.

आरमार आलं, पण पूर्व किनाऱ्यावर. फ्रेंचांची पाँडिचेरी ऑक्टोबर १७७८ मध्येच इंग्रजांकडे गेली होती. फ्रेंच नौसेनापती सुफ्राँ १७८२-८३ मध्ये इंग्रज नौसेनापती ह्यूजशी पाच वेळा लढला, जुलै १७८२ मध्ये हैदरअलीला भेटलाही. पण दुरुस्तीची गोदी मॉरिशसला, डोलकाठ्या मिळेनात, श्रीलंकेतलं त्रिंकोमाली बंदर हाती आलं ते ऑगस्टअखेर. तोवर १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला होता आणि मराठे इंग्रजांशी चाललेल्या युद्धातून बाहेर पडले होते.

मैदानाचं मात्र आधी पाहा. जानेवारीत ठरवत असाल तर गड्डा यात्रेमुळे होम मैदान मिळणार नाही. फेब्रुवारी धरा.