टेकअवे सुधारा म्हणणाऱ्यांनो, आधी बॉल कुठून सुटतोय ते बघा

पुणेरी_अठरा
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण तीन महिने डोक्यात गोल्फमधलं हेच चाललंय. माझं जुनं दुखणं म्हणजे स्लाइस. सात नंबर आयर्नचा बॉल टार्गेटच्या थोडा उजवीकडून निघतो आणि पुढे आणखी उजवीकडे वळतो, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेतला तर थेट शेजारच्या फेअरवेवर. शेवटी एका कोचकडे गेलो. त्यांनी पहिल्याच दिवशी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला की बघा, टेकअवे, म्हणजे क्लब मागे नेण्याची सुरुवात, आत जातोय, क्लब सुरुवातीलाच पाठीमागे ओढताय. मग तीन महिने तेच काम, रोज घरात आरशासमोर पन्नास वेळा क्लब मागे नेणं, रेंजवर बॉल मारण्यापेक्षा अर्ध्यावर थांबून क्लब बघणं जास्त. टेकअवे सुधारला म्हणे. बॉल मात्र होता तिथेच, उजवीकडे.

मागच्या रविवारी वैतागून फक्त ग्रिप बदलली. वरून बघितलं तर डाव्या मुठीची एकच गाठ दिसायची, हात थोडा उजवीकडे फिरवून अडीच गाठी दिसतील असा धरला, बाकी कशाला हात लावला नाही. पंधरा-वीस बॉलनंतर बॉल सरळ निघायला लागला, दोन-तीन तर चक्क डावीकडे वळले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की क्लब मागे कसा जातो याच्यामागे लागण्यात आपण हौशी लोक वर्षं घालवतो. बॉल कुठून निघाला आणि कुठे वळला, या दोनच गोष्टी बघा, तिथून उलटं मागे या. टेकअवे शेवटी बघायची गोष्ट आहे.

चेंबूरचा_काका
अरे बाबा, एका रविवारच्या पंधरा बॉलवर एवढा मोठा निष्कर्ष काढू नकोस. तीस वर्षं खेळतोय, ग्रिप बदलल्यावर पहिला आठवडा सगळ्यांनाच स्वर्ग दिसतो. क्लब आत ओढला आणि मनगटं वळली की फेस (क्लबचा बॉलला लागणारा पृष्ठभाग) तिथेच उघडा पडतो, म्हणजे उजवीकडे तोंड करतो. वर जाईपर्यंत क्लब पाठीमागे अडकलेला असतो, मग खाली यायला जागा राहत नाही म्हणून खांदा पुढे ढकलून क्लब बाहेरून आणावा लागतो आणि बॉलवरनं डावीकडे कापत जातो. ही सगळी साखळी पहिल्या दीड फुटात सुरू होते. तू त्या साखळीचं शेवटचं टोक ग्रिपने बांधलंस एवढंच. आज तो उघडा फेस खाली येताना वेळेत बंद होतोय, ज्या दिवशी अंग जड असेल त्या दिवशी होणार नाही, आणि ज्या दिवशी हात जास्त चालतील त्या दिवशी हुक बसेल, म्हणजे बॉल जोरात डावीकडे वळेल.

रेंजरोज
काकांना +१. पाया वाकडा असेल तर भिंत सरळ करून काय उपयोग.

पुणेरी_अठरा
काका तुमचा मान राखून सांगतो, साखळी उलटी पण असू शकते ना. फेस उघडा, बॉल उजवीकडे जातो, दहा वेळा गेला की अंगच आपोआप डावीकडे मारायला शिकतं, बॉल परत आणायचा म्हणून. म्हणजे ते बाहेरून कापणं हा उघड्या फेसवर शरीरानं शोधलेला उपाय झाला. आणि त्यानं स्लाइस वाढतोच, कारण पाथ (क्लब बॉलमधून जाण्याची दिशा) जितका डावीकडे तितका फेस त्याच्या तुलनेत आणखी उघडा. मूळ फेस बंद केला की डावीकडे मारायचं कारणच उरत नाही.

आणि टेकअवे एवढा महत्त्वाचा असेल तर जिम फ्युरिक या व्यावसायिक गोल्फपटूचं काय करायचं? क्लब बाहेरच्या बाजूला उभा उचलतो, वर गिरकी घेतो, मग खाली आणतो. २००३ ची गोल्फची यूएस ओपन जिंकला, २०१६ ला पीजीए टूरवर एका राउंडला फक्त ५८ फटके मारले. क्रिकेटमध्ये बघा, स्टीव्ह स्मिथची बॅट गलीकडे जाते आणि बॉलवर सरळ येते.

चेंबूरचा_काका
फ्युरिक लहानपणापासून तोच स्विंग रोज मारतोय, तू आठवड्यातून एकदा येतोस. त्याच्या गिरकीला जे टायमिंग लागतं ते तू कुठून आणणार? उलट आपल्यासारख्यांनाच साधा टेकअवे हवा, कारण आपल्याकडे दुरुस्त करायला वेळ नाही. आणि स्मिथचं उदाहरण इथे लागू नाही, तो उभ्या बॅटने मारतो, आपण वाकून जमिनीवरचा बॉल तिरक्या पातळीत मारतो.

शिक्षिका_नाशिक
मी फिजिक्स शिकवते आणि गेली चार वर्षं गोल्फ खेळते, म्हणून मधे बोलते. आधी एक गैरसमज काढून टाकू, तो अजूनही सर्रास शिकवला जातो. बॉल क्लबच्या पाथने निघतो आणि शेवटी फेसच्या दिशेला वळतो, हे जुनं समीकरण. रडारने मोजायला लागल्यावर ते उलटं निघालं. बॉल निघतो मुख्यतः फेसच्या दिशेने, आयर्नला साधारण ७५ टक्के आणि ड्रायव्हरला ८५ टक्क्यांच्या आसपास, उरलेला वाटा पाथचा. वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे.

कॅरम खेळला असाल तर हे लगेच पटेल. स्ट्रायकर डावीकडून आला म्हणून सोंगटी उजवीकडे जातेच असं नाही, ती कुठे लागली, म्हणजे स्पर्शाच्या जागी पृष्ठभाग कोणीकडे तोंड करून आहे, त्यावर जाते. क्लब आणि बॉलचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो, तेवढ्यात घर्षणाचा वाटा छोटा आणि सरळ धक्क्याचा मोठा.

आता समजा पाथ ४ अंश उजवीकडे आणि फेस २ अंश उजवीकडे. बॉल अडीचेक अंश उजवीकडून निघेल आणि डावीकडे वळून टार्गेटजवळ येईल. म्हणजे सुंदर ड्रॉ मारताना फेस टार्गेटच्या उजवीकडे असतो! जुन्या समीकरणाने शिकलेला माणूस फेस टार्गेटवर ठेवून पाथ उजवीकडे नेतो, मग बॉल डावीकडे जाऊन बसतो आणि तो म्हणतो माझा स्विंग बिघडला. अशा माणसाला तुम्ही टेकअवे शिकवत बसलात तर दोघांचाही वेळ वाया. म्हणून दोषाचं निदान आधी बॉलवरून करावं याबद्दल मी पुणेरींच्या बाजूने आहे, पण उपायही तिथेच थांबतो असं मी म्हणणार नाही.

डावखुरा
मी डावखुरा असल्याने हे सगळं उलटं करून वाचतोय 🙏 पण ताई, कॅरमचं उदाहरण मस्त, पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

सॅनहोजेकर
एक गोष्ट सगळेच विसरताय. बॉलची उड्डाणं पण खोटं बोलतात. मी इथे सिम्युलेटरवर दोन हिवाळे ड्रायव्हरचा स्लाइस बरा करत बसलो, ग्रिप, पाथ, फेस सगळं. मग एकाने सांगितलं बॉलवर व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका काढ, ठिपका क्लबकडे करून मार आणि फेसवर डाग कुठे उमटतो बघ. दहापैकी सात डाग हीलच्या (दांड्याकडच्या) बाजूला. ड्रायव्हरचा फेस गोलसर असतो आणि वजन मागे असतं, त्यामुळे हीलला लागला की क्लबचं डोकं एका बाजूला फिरतं आणि बॉलला उलटा स्पिन मिळतो, फेस-पाथ नीट असला तरी बॉल उजवीकडे वळतो. टो-ला, म्हणजे फेसच्या बाहेरच्या टोकाला, लागला तर डावीकडे. आयर्नला हे फार कमी. म्हणजे नुसतं बॉलकडे बघून मी ग्रिप आवळत गेलो असतो तर हुक लावून बसलो असतो.

पुणेरी_अठरा
हा मुद्दा मान्य, माझ्या पोस्टमध्ये राहिला. आधी डाग, मग सुरुवात, मग वळण. पण बघा, यातही टेकअवे कुठे आला?

चेंबूरचा_काका
येतो रे. डाग हीलला का उमटतात? क्लब आत ओढला की खाली येताना हात शरीरापासून लांब फेकले जातात, आणि हील बॉलपाशी येते. माझ्याकडे नवीन माणूस आला की मी बॉलच्या मागे दीड फुटावर दुसरा बॉल ठेवतो, क्लबने तो सरळ मागे ढकलत न्यायचा, खांदे, हात आणि क्लब एकत्र. क्लब जमिनीला समांतर आला की थांबायचं. दांडा पायांच्या बोटांच्या रेषेला समांतर, क्लबचं डोकं हातांच्या समोर, फेसची कड पाठीच्या कलाएवढी जमिनीकडे झुकलेली. आकाशाकडे बघणारा फेस दिसला की समजायचं मनगटं फिरली. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बरेच लोक त्यानंतर फेसबद्दल विचारतच नाहीत.

शिक्षिका_नाशिक
काका, ड्रिल उत्तम आहे, मी पण करते. पण पुणेरींनी तीन महिने हेच केलं ना, आणि बॉल हलला नाही. म्हणजे त्यांच्या बाबतीत तरी निदान चुकलं होतं. ताप कुठून आलाय ते न बघता सगळ्यांना एकच गोळी दिल्यासारखं झालं.

रेंजरोज
मला एक विचारायचंय. @पुणेरी_अठरा तो व्हिडिओ काढताना मोबाइल नक्की कुठे ठेवला होता?

पुणेरी_अठरा
बॅगेला क्लिपने लावला होता, बॉलच्या बरोब्बर मागे, टार्गेटच्या रेषेत. का?

रेंजरोज
कारण मी पण वर्षभर तसाच काढत होतो. हातांच्या रेषेत ठेवायला पाहिजे, हातांच्याच उंचीवर. बॉलच्या रेषेत ठेवला की क्लबचं डोकं कॅमेऱ्याच्या जवळ असतं आणि हात लांब, त्यामुळे सरळ मागे गेलेला क्लब पण चांगला चार-पाच इंच आत दिसतो. काठी ठेवून स्वतः करून बघितलंय मी.

पुणेरी_अठरा
थांबा. म्हणजे माझा टेकअवे मुळात आत जातच नव्हता??

रेंजरोज
असं म्हणत नाही. जात असेलही. पण त्या व्हिडिओवरून कळणार नाही एवढं नक्की.

चेंबूरचा_काका
हे मात्र खरंय, कॅमेऱ्याने भल्याभल्यांना फसवलंय. तरी माझं मत तेच, पहिले दीड फूट नीट तर पुढचं सोपं. रविवारी मोबाइल हातांच्या रेषेत ठेवून दहा शॉट काढ, जुन्या ग्रिपने पाच आणि नव्या ग्रिपने पाच, दोन्ही इथे टाक. ते मार्करचे डाग पण दाखव. मग भांडू.

पुणेरी_अठरा
टाकतो काका. पावसाने मॅट ओली असते हल्ली, डाग उमटले नाहीत तर सोमवारी परत जाईन.