मे महिन्यात मुंबईत पायी भटकंती: उन्हाचं गणित कसं बसवायचं?

पिंपळपान
मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठाण्याहून चार फेऱ्या करायच्या आहेत. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलं 9 आणि 12 वर्षांची, सासूबाई (साबा) 68 (गुडघे कुरकुरतात, सपाटीवर दोन-अडीच किमी जमतं). कच्चा आराखडा असा: रविवारी 11 ला सीएसएमटीहून फोर्टमधून चालत गेटवे, मग म्युझियम. बुधवारी राणीबाग. सोमवारी घारापुरी. एका संध्याकाळी बाणगंगा. गाडी नाही, लोकल आणि बेस्ट. काय चुकतंय ते बिनधास्त सांगा.

पुढचा_थांबा
बुधवारी राणीबाग बंद, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. दोन फेऱ्या तर इथेच गळाल्या :)

आता फोर्ट. मुंबईत भर माध्यान्ह 12 ला नाही, साधारण 12:35 ला होते, कारण आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला आहोत. त्यातून 15-16 मेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. म्हणजे 11 ला निघालात की पुढचे तीन तास इमारतींची सावली रस्त्याच्या कुठल्याच बाजूला पुरेशी मिळत नाही. सकाळी मात्र तीच गोष्ट फायद्याची: घड्याळात 8 वाजले तरी ऊन साडेसातच्याही आधीचं असतं.

त्यामुळे 7:45 ला सीएसएमटी. दादाभाई नौरोजी रोडने दक्षिणेला चालायचं, डाव्या हाताच्या फुटपाथने. पूर्वेकडच्या इमारतींची सावली त्याच बाजूला पडते, शिवाय बरंच अंतर कमानींखालून जातं. फ्लोरा फाउंटन साधारण एक किमी. तिथून हॉर्निमन सर्कल, बागेत बसा. टाउन हॉलच्या 30 पायऱ्या मुलांनी चढाव्यात, साबांनी खालून बघाव्यात. परत येऊन काळा घोडा. एकूण अडीच-तीन किमी, बसत-उठत दोन तास. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय 10:15 ला उघडतं, तेव्हा तुम्ही दारात हवेत. गेटवेला सावलीचा कणही नाही, तो त्या दिवशी सोडा.

रविवारी फोर्टातली बरीच हॉटेलं बंद असतात. नाश्ता डब्यात न्या किंवा स्टेशनजवळ उरका.

बहावा
घारापुरीच्या जागी माटुंगा टाका. पहिली बोट धरली तरी पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत दहा वाजून जातात, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. लेण्यात गार वाटतं, पण परतीचा एक तास बोटीत तापलेल्या पत्र्याखाली. कान्हेरीच्या लेण्यांचंही तेच: उघडा काळा कातळ, तो ऊन पितो आणि परत तुमच्यावरच टाकतो. दोन्ही डिसेंबरची ठिकाणं.

माटुंगा (मध्य रेल्वे) स्टेशनवर फक्त स्लो लोकल थांबते, ठाण्याहून फास्ट पकडू नका. सकाळी 7 ला पूर्वेला उतरून पाच उद्यान आणि दादर पारशी कॉलनी. रस्ते जुन्या झाडांनी झाकलेले, चढ नाही, बाकं भरपूर. मेमध्ये सोनमोहराचा पिवळा सडा आणि ताम्हण, दोन्ही बघायला मिळतात. परतताना माटुंग्यात इडली-कॉफी. पण 9 नंतर रांग लागते, म्हणून आधी पोट, मग झाडं असाही क्रम चालेल.

राणीबाग मंगळवारी किंवा गुरुवारी करा. 9:30 ला उघडते, भायखळा पूर्वेहून दहा-बारा मिनिटं. मुलं आधी पेंग्विनकडेच धावतील, धावू द्यात. नंतर गोरखचिंच आणि कैलासपती नक्की दाखवा. कैलासपतीची फुलं फांदीला नाही, थेट खोडाला येतात. 11 नंतर शेजारच्या संग्रहालयात शिरा.

फुटपाथ_पुरवणी
एक मतभेद. फोर्ट फक्त सकाळीच, हे अर्धंच खरं. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, त्यांचे दर्शनी भाग पश्चिमेला. सकाळी ते स्वतःच्याच सावलीत, फोटो काळपट. समोरच्या आर्ट डेको इमारतींवर मात्र सकाळचंच ऊन येतं. दोन्ही हवं असेल तर संध्याकाळी 5:30 नंतर एक वेगळी चक्कर. वारा समुद्राकडून असतो, पण मरीन ड्राइव्हचा कठडा दिवसभर तापलेला असतो. सातपर्यंत तिथे बसू नका.

कोकम_सरबत
पाण्याचं कुणी बोललं नाही. पारा 33-34 च दाखवतो, पण हवेत इतका दमटपणा की घाम सुकत नाही आणि शरीर थंडच होत नाही. तहानेची वाट न बघता चालताना दर वीस मिनिटांनी मोठ्यांना 200 मिली. दोन तासांना माणशी सव्वा लिटर धरा. बाटली फ्रीझरमध्ये ठेवताना पाऊणच भरा, नाहीतर फुगून झाकण उडतं.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. लोक ती पेलाभर पाण्यात ढवळतात, मग मूल ओकतं आणि दोष उन्हाला. पुडी नसेल तर एक लिटरला 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचे चमचे). साबांना बीपी किंवा साखर असेल तर हे डॉक्टरांना आधी विचारा.

पिंपळपान
वा, आराखडा उलटाच झाला की! बाणगंगेचं काय? आणि रविवारच्या मेगाब्लॉकचं (रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा वळवलेल्या)?

पुढचा_थांबा
ब्लॉक बहुतेक 11 ते 4 च्या दरम्यान असतो, एक-दोन दिवस आधी जाहीर होतो. म्युझियममध्ये तीन तास काढून जेवलात की त्यातला बराचसा वेळ निघून जातो.

बाणगंगा सकाळीच करा. घाटाच्या दगडी पायऱ्यांवर दुपारनंतर अनवाणी पाऊल ठेववत नाही. आधी टॅक्सीने वर कमला नेहरू पार्क गाठा. तिथे 2025 मध्ये सुरू झालेला उन्नत निसर्गमार्ग आहे, 485 मीटर, लाकडी, झाडांच्या शेंड्यांतून जाणारा. प्रवेश तासाच्या स्लॉटने, नोंदणी ऑनलाइन. पहाटे 5 पासून खुला, सकाळी 7 चा स्लॉट घ्या. सुट्टीच्या दिवसाचे स्लॉट आधीच भरतात. मग वाळकेश्वरकडे उतरत या. उतारावर गुडघ्यांना जोर पडतो, साबांसाठी तेवढा पल्ला टॅक्सीच. तलावापाशी भेटा.

बहावा
छत्री सोबत असू द्या, मेअखेर वळवाची सर येते. पर्जन्यवृक्षांखाली मात्र वादळात उभं राहू नका, फांद्या ठिसूळ असतात.