बारा दिवस घर बंद : बाल्कनीतील कुंड्यांसाठी केलेल्या घरगुती ठिबकचा वेग स्थिर राहत नाही, मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. पश्चिमेकडच्या बाल्कनीत नऊ कुंड्या आहेत : दोन मोगरे, दोन अबोली, जास्वंद, कढीपत्ता, तुळस, गवती चहा आणि पुदिना. बाल्कनीत नळ नाही आणि विजेचे बटणही नाही. मे महिन्यात आम्ही बारा दिवस कोकणात गावी जाणार आहोत आणि तेवढे दिवस या कुंड्यांना माणसाशिवाय पाणी मिळावे, अशी सोय घरच्या घरी करण्याचा माझा प्रयत्न महिनाभर चालू आहे. तो नव्वद टक्के जमला असे वाटत असतानाच एका ठिकाणी अडला आहे.

गेल्या वर्षी घराची किल्ली एका स्नेह्यांकडे दिली होती. त्यांनी अत्यंत आपुलकीने, म्हणजे बादलीने, पाणी घातले. ते कुंड्यांतून वाहून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडले. आम्ही आंब्याची पेटी देऊन प्रकरण मिटवले, परंतु यंदा तेथे पुन्हा वाळवण पसरलेले आहे. त्यामुळे झाडे जगण्याइतकीच खाली एक थेंबही न पडण्याची अट महत्त्वाची आहे.

आतापर्यंत काय काय करून पाहिले ते सांगतो, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवण्याचे आपले कष्ट वाचतील.

पहिला प्रयोग सुती नाडीचा. बादली खाली आणि कुंडी वर ठेवली, तेव्हा नाडीचे वरचे टोक दोन दिवसांत कोरडे पडून त्यावर क्षारांचा पांढरा थर जमला. बादली वर आणि कुंडी खाली ठेवली, तेव्हा तीच नाडी वक्रनलिकेसारखी वागू लागली आणि एका रात्रीत अर्धी बादली मोगऱ्यात उतरली. दुसरा प्रयोग शेतातल्या ड्रीपरचा. एका नातेवाइकांनी जळगावहून ताशी चार लिटरचे ड्रीपर आणून दिले होते, पण ते एक किलो दाबासाठी, म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. स्टुलावर ठेवलेल्या बादलीचा दाब मीटरभरही नसतो. त्यातून पाणी येते, पण प्रत्येक ड्रीपरमधून वेगळे, आणि मला हव्या असलेल्या प्रमाणाच्या कितीतरी पट.

अखेर औषधाच्या दुकानातून सलाईनचे सेट आणले. त्यांची सोय अशी की थेंब डोळ्यांनी मोजता येतात. साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. एका कुंडीला दिवसाला अर्धा लिटर पाणी धरले, तर दहा हजार थेंब होतात, म्हणजे मिनिटाला सात. तीन कुंड्यांना बारा दिवसांसाठी अठरा लिटर लागतात, म्हणून वीस लिटरचा एक जार तीन कुंड्यांना, असे तीन जार घेतले. जारच्या तळापासून दोन बोटे वर तापवलेल्या खिळ्याने तीन भोके पाडून त्यांत सेटची टोके बसवली आणि बाहेरून एम-सील लावले. गुळगुळीत प्लास्टिकवर ते धरत नाही, आधी पॉलिश पेपरने घासावे लागते, हे तिसऱ्यांदा गळल्यावर समजले.

जारचे तोंड उघडे असताना पाण्याची पातळी उतरत गेली तसा थेंबांचा वेगही मंदावत गेला. त्यावर उपाय म्हणून जारचे तोंड घट्ट बंद केले आणि बुचातून एक बारीक नळी आत सोडली, जिचे खालचे टोक भोकांच्या थोडे वर येते. जारमध्ये हवा शिरायची ती केवळ याच नळीतून, बुडबुड्यांच्या रूपाने. रात्रभर तपासले, तेव्हा पातळी बरीच उतरूनही वेग फारसा बदलला नाही. मला फार आनंद झाला, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

अडचण अशी. रात्री आठ वाजता सात थेंबांवर लावलेला सेट पहाटे पाच थेंब देतो आणि दुपारी तीन वाजता अकरा-बारा. आमच्याकडे ऊन दीडच्या सुमारास जारवर येते. त्यानंतर पाहिले, तर बुडबुडे थांबलेले असतात आणि हवेच्या नळीत पाणी चक्क वीतभर वर चढलेले दिसते. जार जितका रिकामा, तितका हा प्रकार अधिक.

हे का होते आणि विजेशिवाय यावर काय करता येईल? सेटच्या नळीला चिमटून थेंबांचा वेग ठरवणारे चाक बारा दिवस आपल्या जागी राहील, यावर विसंबावे का? पुदिना आणि कढीपत्ता यांची तहान अगदी वेगळी असताना दोघांना सात थेंब लावणे मुळातच चूक आहे का? कृपया अनुभव असल्यास सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपण केलेली रचना नवी नाही, परंतु ती स्वतः शोधून काढल्याबद्दल अभिनंदन. बंद भांडे आणि आत खोलवर सोडलेली हवेची नळी ही युक्ती मारिओत या सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. हवेच्या नळीच्या खालच्या टोकाशी दाब नेहमी बाहेरच्या हवेइतकाच राहतो, त्यामुळे वरचे पाणी कितीही उतरले तरी थेंबांना ढकलणारी उंची बदलत नाही. पाणी त्या टोकाखाली गेले की मात्र ही कमाल संपते.

आता आपली दुपार. जार अर्धा रिकामा असेल, तर त्यात दहा लिटर हवा कोंडलेली असते. ती २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापली, तर सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे अर्ध्या लिटरने फुगू पाहते, आणि वाफेमुळे थोडी आणखीच. बाहेर पडायला तिला वाट नाही, म्हणून ती पाण्याला दाबते. पाणी थोडे सेटमधून जोराने जाते आणि थोडे हवेच्या नळीत चढते. आपल्याला दिसलेले वीतभर पाणी म्हणजे तेवढा जास्तीचा दाब. जार रिकामा होत जाईल तशी आतली हवा वाढते आणि दोष वाढतो, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे.

दुसरे कारण खुद्द पाणीच आहे. तापलेले पाणी पातळ होते. २२ अंशांच्या तुलनेत ३९ अंशांचे पाणी चिमटलेल्या बारीक नळीतून साधारण चाळीस टक्के अधिक वेगाने वाहते. आपला पहाटेचा मंद वेग बहुतांशी यामुळेच आहे. म्हणजे जार उत्तम असूनही उन्हात ठेवला, तर तो तापमापक होतो.

म्हणून जार बाल्कनीत ठेवूच नयेत. ते हॉलमध्ये, दाराच्या आत, स्टुलावर ठेवावेत आणि केवळ नळ्या बाहेर न्याव्यात. नळ्यांवर जुनी पांढरी चादर किंवा गोणपाट टाकावे. त्याने त्या तापणार नाहीत आणि पारदर्शक नळीत शेवाळही धरणार नाही. आत जागा नसेल, तर जारला ओले गोणपाट गुंडाळण्याचा उपाय आहे, पण ते बारा दिवस ओले कोण ठेवणार?

चाकाबद्दल आपली शंका रास्त आहे. दाबलेली नळी पहिल्या एक-दोन दिवसांत हळूहळू बसते आणि वेग घटतो. निघण्याच्या दिवशी चाक लावू नये. तीन दिवस आधी लावावे, रोज थोडे सुधारावे आणि शेवटच्या दिवशी हात लावू नये.

प्रतिसाद २

कूलरची छोटी मोटार आणि यांत्रिक टायमर लावून मी हाच प्रश्न सोडवला आहे, परंतु आपल्याकडे बाल्कनीत वीज नाही, म्हणून एकच इशारा देतो, जो इतरांना उपयोगी पडेल. मोटार बंद झाल्यावरही नळी भरलेलीच असते, आणि तिचे टोक टाकीतील पातळीच्या खाली असेल, तर वक्रनलिका चालू राहून सगळी टाकी कुंड्यांत रिकामी होते. टाकीतील पाण्याच्या वर, नळीच्या सर्वांत उंच जागी सुईने एक भोक पाडून ठेवावे, म्हणजे मोटार थांबताच हवा शिरते. हे भोक टाकीच्या तोंडावरच असावे, कारण मोटार चालू असताना त्यातून चिळकांडी उडते. माझी पहिली चिळकांडी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडाली होती.

प्रतिसाद ३

यंत्राकडे वळण्यापूर्वी तहान कमी करावी, असे माझे मत आहे. नऊही कुंड्या कठड्यावरून उतरवून भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, वरून पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा आणि मातीवर नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर द्या. आमच्या नाशिकच्या गच्चीवर एवढ्यानेच पाणी जवळजवळ निम्म्यावर येते. जास्वंद आणि मोगरा यांची छाटणी जाण्याच्या आठवडाभर आधी केली, तर पाने कमी, तहानही कमी.

पुदिन्यासाठी संक्रांतीचे सुगड वापरून पाहा. न रंगवलेले सुगड पाण्याने भरून ठेवावे. दोन तासांत ते बाहेरून ओलसर झाले, तर ते कामाचे. तैलरंगाने रंगवलेल्याची छिद्रे बुजलेली असतात. त्याच्या तोंडावर पणती उलटी बसवून एम-सीलने बंद करावी, त्यातून नळी काढून ती पाण्याच्या बरणीत सोडावी आणि सुगड मातीत गळ्यापर्यंत पुरावे. सुगड आणि नळी पूर्ण भरलेली हवीत, हवा राहता कामा नये. बरणी कुंडीपेक्षा उंच ठेवली, तर माती ओली असूनही पाझर चालूच राहील. ती सुगडापेक्षा थोडी खाली ठेवली, तर कोरडी माती आपल्याला हवे तेवढेच पाणी ओढून घेते. कढीपत्त्याला मात्र चार थेंब पुरेत. त्याला ओले पाय सहन होत नाहीत.

बरणीचे आणि हवेच्या नळीचे तोंड मलमलीने बांधायला विसरू नका. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि आपण बारा दिवस जाणार आहात.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जार हॉलमध्ये आणून आज चार दिवस झाले. दारात ठेवलेले जार पाहून घरातले माणूस काही बोलले नाही, फक्त वळसा घालून जाते. रात्री सातवर लावलेला सेट आता पहाटे सहा आणि दुपारी आठ थेंब देतो. हवेच्या नळीत पाणी चढलेच, तर ते दोन बोटांच्या वर जात नाही. कुंड्या भिंतीशी घेतल्यापासून मोगऱ्याला पाच थेंबही पुरे होत आहेत. प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवली आहे आणि रोज रात्री बॅटरी घेऊन ती तपासतो. अजून एकाही ताटलीत पाणी उतरलेले नाही.

सुगडांपैकी तीन ओलसर झाली, दोन कोरडीच राहिली. त्यांच्यावर बहुधा वार्निश आहे. पुदिन्याच्या कुंडीत एक पुरले आहे, पण बरणी वीतभर खाली ठेवली, तर दुसऱ्या दिवशी नळीत हवेचा मोठा बुडबुडा दिसतो आणि ओढ तुटते. चार बोटे खाली ठेवली, तर चालते. हा बुडबुडा सुगडातून येतो की एम-सीलच्या सांध्यातून, हे कसे ओळखावे? ज्यांनी हे करून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे. आम्ही शनिवारी पहाटे निघत आहोत.